बुलढाणा जिल्ह्यातील धर्म आणि समाजजीवन

बुलढाणा जिल्हा हा महाराष्ट्राच्या अमरावती विभागातील, वऱ्हाडाच्या पश्चिम टोकाचा जिल्हा आहे. येथील लोकसंख्येत हिंदू बहुसंख्य असून बौद्ध व मुस्लिम समाजांचे प्रमाण प्रत्येकी दहा टक्क्यांहून अधिक आहे. जैन व ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहेत. शेती पावसावर अवलंबून असल्यामुळे यात्रा, पालखी, पारायण आणि भाकणूक यांचे वेळापत्रक हंगामाशी जोडलेले दिसते.

पूर्वपीठिका

लोणार येथील उल्काघाती सरोवराच्या परिसरात अनेक प्राचीन मंदिरे असून गावातील दैत्यसूदन मंदिर त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. विष्णूने लवणासुराचा वध केल्याची कथा या स्थळाशी निगडित आहे. महानुभाव पंथाच्या लीळाचरित्रात लोणार व मेहकर यांचे उल्लेख येतात. मेहकरचे शार्ङ्गधर बालाजी आणि देऊळगाव राजाचे बालाजी ही वैष्णव परंपरेची प्रमुख देवस्थाने होत. खामगावात मात्र देवीचा मोठा उत्सव नवरात्रात नव्हे, तर कोजागरी पौर्णिमेपासून सुरू होतो.

शेगाव आणि सेवेची परंपरा

गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रथम दृष्टीस पडले, असे मानले जाते. ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, त्यांनी समाधी घेतली. दासगणू महाराजांच्या ‘श्री गजानन विजय’ या एकवीस अध्यायी ग्रंथाचे पारायण वऱ्हाडातील असंख्य घरांत होते. संस्थानची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते. परतीच्या प्रवासातील खामगाव–शेगाव हा अखेरचा टप्पा हजारो लोक पालखीबरोबर चालतात. त्यांपैकी अनेकांनी पंढरीची वारी केलेली नसते.

समाजजीवनाच्या दृष्टीने शेगावचे वेगळेपण सेवेकरी पद्धतीत आहे. गावोगावचे स्त्री-पुरुष ठरावीक दिवसांसाठी येऊन स्वच्छता, महाप्रसाद, रांगांचे नियोजन अशी कामे विनामोबदला करतात. शिवशंकरभाऊ पाटील (निधन : ४ ऑगस्ट २०२१) यांच्या कारकिर्दीत या व्यवस्थेला राज्यभर ओळख मिळाली. संस्थान रुग्णसेवा चालवते, तसेच येथे संस्थानचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमही शुकदास महाराजांच्या प्रेरणेने शिक्षण व आरोग्यसेवेकडे वळला. विवेकानंद जयंतीला तेथे भरणारी महापंगत प्रसिद्ध आहे.

सैलानी : श्रद्धा आणि उपचार

पिंपळगाव सराईजवळील सैलानी बाबांचा दर्गा हे जिल्ह्यातील सर्वांत गुंतागुंतीचे श्रद्धास्थान म्हणता येईल. येथील यात्रा होळीच्या सुमारास भरते. नारळांची होळी पेटते आणि त्यानंतर काही दिवसांनी संदल निघतो. मुस्लिम दर्ग्याची यात्रा हिंदू सणाच्या तिथीवर चालते, याचे येथे कोणाला नवल वाटत नाही. भाविकांत हिंदू मोठ्या संख्येने असतात.

मनोरुग्णांना ‘बाधा’ झाली असे समजून नातेवाईक त्यांना येथे आणतात, आणि वादाचा मुद्दा तोच आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये लागलेल्या आगीत साखळदंडाने बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्यानंतर अशा सर्वच स्थळांकडे देशाचे लक्ष वेधले गेले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे व मारहाण करणे हा गुन्हा ठरवला. २०१७ च्या केंद्रीय मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला साखळीने जखडण्यास मनाई केली. तथापि ग्रामीण भागात मानसोपचारतज्ज्ञ दुर्मीळ आहेत, तोवर केवळ बंदीने हा ओघ थांबणे कठीण आहे. दर्ग्याची श्रद्धा आणि रुग्णाचा छळ या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे भान चर्चेत अनेकदा सुटते.

भेंडवळची घटमांडणी

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडला जातो. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ही प्रथा सुरू केल्याचे सांगतात. वर्तुळात अठरा धान्ये ठेवतात. मध्यभागी खड्ड्यात मातीची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर असते. ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. पानविडा राजाचे प्रतीक मानला जातो. रात्री तेथे कोणी थांबत नाही. पहाटे दाणे किती सरकले, ढेकूळ किती भिजले, हे पाहून वाघ घराण्यातील मंडळी पीकपाण्याचे व राजकीय स्थितीचे भाकीत सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने या भाकितांच्या शास्त्रीय आधारावर आक्षेप घेतला आहे. तरीही पेरणीपूर्वी शेतकरी ते ऐकायला जमतात; कर्ज काढून बियाणे घेणाऱ्याला अंदाजाची गरज असतेच.

धर्मांतर आणि नवे धर्मविचार

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेल्या दीक्षेनंतर जिल्ह्यातील पूर्वाश्रमीच्या महार समाजाने मोठ्या प्रमाणावर बौद्ध धर्म स्वीकारला. गावातील विहार हे वंदनेबरोबरच सभेचे व सामाजिक एकत्रीकरणाचे केंद्र बनले. सिंदखेड राजा या जिजाऊंच्या जन्मस्थानी दरवर्षी १२ जानेवारीला जन्मोत्सव होतो. मराठा सेवा संघाच्या पुढाकाराने १२ जानेवारी २००५ रोजी येथेच ब्राह्मणी कर्मकांड नाकारणाऱ्या शिवधर्माची घोषणा झाली.