धावड्याचे बदललेले शास्त्रीय नाव

मानेसर परिसरातील अरवली डोंगररांगेत 'धौ' हा काटक वृक्ष वाढतो. महाराष्ट्रातील, डिंकासाठी प्रसिद्ध असलेला धावडा हा त्याचा निकटचा आप्त.

लिनियसने १७५३ मध्ये रूढ केलेल्या द्विनाम पद्धतीत आधी प्रजातीचे, नंतर जातीचे नाव येते. या दोन्ही वृक्षांची प्रजाती 'ॲनोजिसस' होती. जनुकीय अभ्यासानंतर २०१७ मध्ये ती हिरडा-बेहड्याच्या 'टर्मिनॅलिया' प्रजातीत विलीन करण्यात आली. धौ 'टर्मिनॅलिया पेंड्युला' झाला. धावड्याचे 'लॅटिफोलिया' हे जातिनाम मात्र त्या प्रजातीतील जमैकाच्या एका वृक्षाला पूर्वीच दिलेले होते. एकच नाव दोन वनस्पतींना देता येत नाही. त्यामुळे धावड्याला 'टर्मिनॅलिया ॲनोजिसियाना' हे नवे नाव मिळाले. जुन्या वनसूचींत अर्थातच पहिलेच नाव आढळते.