अमेरिकेतील हंगेरियन समाज

अमेरिकेतील हंगेरियन समाज म्हणजे हंगेरीतून किंवा पूर्वीच्या हंगेरी राज्याच्या प्रदेशातून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थायिक झालेले लोक व त्यांचे वंशज होत. २००० सालच्या जनगणनेत सुमारे १४ लाख लोकांनी आपले मूळ हंगेरियन असल्याचे नोंदविले. मात्र घरी हंगेरियन भाषा बोलणाऱ्यांची संख्या सुमारे १ लाख १८ हजार इतकीच होती. भाषा मागे पडत असताना वारसा कशाच्या आधारे टिकवावा, हा या समाजापुढील मुख्य प्रश्न राहिला आहे. ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी व न्यू यॉर्क ही या समाजाची जुनी केंद्रे आहेत.

स्थलांतराचे टप्पे

१८४८-४९ च्या क्रांतीचा पाडाव झाल्यानंतर काही हंगेरियन निर्वासित अमेरिकेत आले. क्रांतीचे नेते लायोश कोशुत यांनी १८५१-५२ मध्ये अमेरिकेचा दौरा केला, तेव्हा त्यांचे मोठ्या प्रमाणावर स्वागत झाले. क्लीव्हलंड येथे १९०२ मध्ये व न्यू यॉर्क येथे १९२८ मध्ये त्यांचे पुतळे उभारण्यात आले.

सर्वांत मोठे स्थलांतर १८८० ते १९१४ या काळात झाले. त्यात भूमिहीन शेतमजूर व अल्पभूधारक शेतकऱ्यांचा भरणा होता. हंगेरी राज्यातून आलेल्या या लोकांत स्लोव्हाक, जर्मन, रुमानियन इत्यादी भाषिकही होते. हंगेरियन (मज्यार) भाषिकांचे प्रमाण अंदाजे एक तृतीयांश होते. काही वर्षे कोळशाच्या खाणींत आणि पोलाद कारखान्यांत राबून पैसा साठवावा व गावी परतून जमीन घ्यावी, असा अनेकांचा बेत असे. त्यांतील बरेच जण परतलेही. पहिले महायुद्ध, १९२० च्या त्रियानोन तहाने झालेली हंगेरीची फाळणी आणि १९२४ चा अमेरिकी स्थलांतर कायदा यांमुळे ये-जा थांबली आणि तात्पुरता मुक्काम कायमचा ठरला.

दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासित छावण्यांतून आलेल्यांत सुशिक्षित मध्यमवर्गीय व माजी लष्करी अधिकारी यांचे प्रमाण मोठे होते. १९५६ चा उठाव सोव्हिएत सैन्याने चिरडल्यावर सुमारे २ लाख लोकांनी देश सोडला. त्यांपैकी ३५ हजारांहून अधिक अमेरिकेत आले आणि बहुतेकांची पहिली सोय न्यू जर्सीतील कॅम्प किल्मर या लष्करी तळावर करण्यात आली. जवळच्या न्यू ब्रन्सविक शहरातील हंगेरियन वस्तीला त्यामुळे नवे बळ मिळाले. या तिन्ही पिढ्यांची बोली, सामाजिक स्तर व राजकीय मते भिन्न असल्याने त्यांच्यात मतभेद होत. तरीही नव्याने आलेल्यांना जुन्यांच्याच चर्चमध्ये व सभागृहांत आसरा मिळाला.

संस्था

आरंभीचे कामगार एकत्र राहत त्या खाणावळवजा घरास ‘बुर्दोशहाझ’ म्हणत. हा शब्दच इंग्रजी ‘बोर्डिंग’वरून बनला आहे. एक कुटुंब घर भाड्याने घेई आणि त्या घरातील गृहिणी अनेक कामगारांचा स्वयंपाक व धुणे पाही. खाणीत अपघात झाल्यास कोणतेही संरक्षण नसल्याने परस्पर साहाय्य मंडळे निघाली. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील हेझलटन येथे १३ खाणकामगारांनी स्थापन केलेले व्हेरहोवाय साहाय्य मंडळ त्यांपैकी प्रमुख होय. आजारपणात मदत आणि मृत्यूनंतर अंत्यविधीचा खर्च हे त्याचे मूळ कार्य होते. १९५५ मधील विलीनीकरणानंतर ते विल्यम पेन असोसिएशन या नावाने ओळखले जाऊ लागले.

क्लीव्हलंडमधील बकआय रोड परिसर हा ‘छोटे हंगेरी’ म्हणून प्रसिद्ध होता. तेथील सेंट एलिझाबेथ ऑफ हंगेरी (स्थापना १८९२) हा अमेरिकेतील पहिला हंगेरियन रोमन कॅथलिक धर्मग्राम होय. याच शहरात १८९१ मध्ये ‘साबादशाग’ (स्वातंत्र्य) हे वृत्तपत्र सुरू झाले आणि १९०६ मध्ये अमेरिकन हंगेरियन फेडरेशनची स्थापना झाली. लुईझियाना राज्यातील आरपादहोन (आजचे आल्बनी) ही शेतकऱ्यांची वस्ती मात्र याहून वेगळी होती. तेथील हंगेरियनांनी स्ट्रॉबेरीची शेती केली.

१९६० नंतर वंशज उपनगरांत विखुरले आणि जुन्या वस्त्यांतील चर्च चालविणे कठीण झाले. क्लीव्हलंडमधील सेंट एमेरिक हे हंगेरियन चर्च २०१० मध्ये बंद करण्यात आले. या आवारात उपासनेखेरीज स्काउट पथके व इतर सामाजिक उपक्रमही चालत. भाविकांनी व्हॅटिकनकडे दाद मागितली. निर्णय त्यांच्या बाजूने लागला आणि २०१२ मध्ये चर्च पुन्हा उघडले.

भाषा

पहिल्या पिढीच्या हंगेरियनमध्ये खाण, कारखाना व बाजार यांच्याशी संबंधित इंग्रजी शब्द हंगेरियन प्रत्यय लावून रूढ झाले. भाषाशास्त्रज्ञ मिक्लोश कोन्त्रा यांनी साउथ बेंड (इंडियाना) येथील आणि आन्ना फेन्येव्हेशी यांनी मकीस्पोर्ट (पेनसिल्व्हेनिया) येथील हंगेरियनचा अभ्यास केला आहे. दुसऱ्या पिढीच्या बोलण्यात विभक्तिप्रत्ययांचा वापर शिथिल होत गेल्याचे अशा अभ्यासांत दिसून येते. तिसऱ्या पिढीत बहुधा पदार्थांची व नात्यांची नावे तेवढी उरतात.

भाषा टिकविण्याचे सर्वाधिक सातत्यपूर्ण काम परदेशस्थ हंगेरियन स्काउट संघाने केले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील निर्वासितांमध्ये आकारास आलेली ही संघटना पुढे न्यू जर्सीतून चालू लागली. पथकाचे कामकाज हंगेरियनमध्ये चालते आणि पथकनेता होण्यासाठी हंगेरियन इतिहास, भूगोल व साहित्य यांचा अभ्यास करावा लागतो. न्यू यॉर्क राज्यातील फिलमोर येथे तिची उन्हाळी शिबिरे भरतात. अनेक शहरांत पथकांना जोडून आठवडी शाळा चालविल्या जातात.

सण व चालीरीती

१५ मार्च (१८४८ ची क्रांती), २० ऑगस्ट (राजा संत इश्तवान दिन) आणि २३ ऑक्टोबर (१९५६ चा उठाव) हे दिवस सार्वजनिकरीत्या पाळले जातात. शरद ऋतूतील द्राक्षतोडणीच्या नृत्यमेळ्यात सभागृहाच्या छताला द्राक्षांचे घोस टांगतात. नाचताना घोस ‘चोरणारा’ पकडला गेल्यास राखणदाराची भूमिका करणारे त्याला दंड करतात आणि ही रक्कम बहुधा संस्थेच्या निधीत जमा होते. ईस्टरच्या सोमवारी मुलगे मुलींवर पाणी किंवा अत्तर शिंपडतात व त्यांना रंगविलेली अंडी मिळतात. चर्चमधील महिला शंखाकृती शेवया (चिगा) हाताने वळून विकतात. त्यातून चर्चला उत्पन्न मिळते, तसेच ज्येष्ठ व तरुण स्त्रियांचा संपर्कही टिकतो. १९७२ मध्ये बुडापेस्टमध्ये सुरू झालेली ‘तान्सहाझ’ (नृत्यगृह) ही लोकनृत्य चळवळ उत्तर अमेरिकेतही पसरली आणि हंगेरियन न बोलणारे वंशजही तीत सामील झाले.

मातृदेशाशी संबंध

साम्यवादी राजवटीच्या काळात हंगेरियन सरकारशी संबंध ठेवावेत की नाही, यावर समाजात तीव्र मतभेद होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याकडे आलेला हंगेरीचा पवित्र राजमुकुट राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या निर्णयानुसार जानेवारी १९७८ मध्ये परत करण्यात आला. या निर्णयामुळे साम्यवादी सरकारला मान्यता मिळेल, असे म्हणत अनेक स्थलांतरितांनी विरोध केला. तर मुकुट हा सरकारचा नसून राष्ट्राचा आहे, अशी दुसरी बाजू होती.

२०१० च्या कायदादुरुस्तीनुसार पूर्वज हंगेरियन नागरिक असल्यास हंगेरीत वास्तव्य नसतानाही सुलभ पद्धतीने नागरिकत्व मिळू शकते. मात्र त्यासाठी हंगेरियन भाषेचे ज्ञान आवश्यक असते. त्यामुळे भाषा गमावलेल्या वंशजांना या तरतुदीचा लाभ सहजी घेता येत नाही. हंगेरियन सरकारच्या एका योजनेखाली २०१३ पासून तरुण कार्यकर्ते परदेशांतील हंगेरियन वस्त्यांत भाषा व लोकनृत्य शिकविण्यासाठी पाठविले जातात. ही योजना शांदोर क्योरोशी चोमा यांच्या नावाने चालते. तिबेटी-इंग्रजी शब्दकोशाचे कर्ते असलेले हे विद्वान हंगेरियनांच्या मूलस्थानाच्या शोधात आशियात आले होते. त्यांचा शब्दकोश १८३४ मध्ये कोलकाता येथे प्रकाशित झाला आणि १८४२ मध्ये दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले.