मे जास्त तापतो, मग पावसाचा भर जुलैत का?

मोसमी पाऊस का पडतो, असं वर्गात विचारलं तर उत्तर चटकन येतं. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिच्यावरची हवा वर जाते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून बाष्पयुक्त वारे येतात. म्हणजे खाऱ्या वाऱ्यांचीच मोठी आवृत्ती. ही कल्पना एडमंड हॅलीने (धूमकेतूवाला तोच हा) १६८६ साली मांडली.

तिच्यातली गोम १९२१ साली जॉर्ज सिम्प्सनने दाखवली. सिमल्याला भारतीय हवामान खात्यात काम केलेला हा शास्त्रज्ञ मधल्या काळात स्कॉटबरोबर अंटार्क्टिकालाही जाऊन आला होता. त्याचे मुद्दे साधे होते. जमीन जुलैपेक्षा मे महिन्यात जास्त तापलेली असते. देशाचा सगळ्यात तापणारा वायव्य भाग जवळजवळ कोरडाच राहतो. आणि ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी तापमान मात्र जास्त! तापल्यामुळे पाऊस येत असेल, तर हे उलटं कसं? खरं तर पाऊस नाही म्हणून जमीन तापते. इतके बिनतोड आक्षेप असूनही पाठ्यपुस्तकं हॅलीलाच धरून राहिली, याचं मला नवल वाटतं.

दुसरं उत्तर भक्कम पुराव्यानिशी पुढे आलं ते उपग्रह आल्यावर. सुलोचना गाडगीळ (१९४४–२०२५) मूळच्या पुण्याच्या. हार्वर्डला डॉक्टरेट करून त्या भारतात परतल्या आणि १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होत्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या डी. आर. सिक्का यांच्याबरोबर त्यांनी १९७३ ते १९७७ या पाच वर्षांतली, एप्रिल ते ऑक्टोबरची, रोजची उपग्रहचित्रं तपासली. ढगांचा सगळ्यात दाट पट्टा रोज कोणत्या अक्षांशावर आहे, एवढंच नोंदवायचं. काम किचकट, पण १९८० साली निघालेला निष्कर्ष मोठा होता.

विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर वारे एकत्र येऊन ढगांचा जो पट्टा बनतो, त्याच जातीचा पट्टा पावसाळ्यात भारतावर असतो. म्हणजे मान्सून हे या पट्ट्याचं ऋतूनुसार होणारं स्थलांतर. बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते, तिच्यामुळे ढगांतली हवा दहा-पंधरा किलोमीटर चढते. राजस्थानच्या तापलेल्या जमिनीवर हवा थोडीशीच वर जाते, वरून कोरडी हवा खाली बसत असते. म्हणून तिथे ढग वाढत नाहीत. जमीन तापण्याला महत्त्व आहेच. पट्टा इतक्या उत्तरेला येतो तो त्यामुळेच. पण पावसाचा जोर त्यावर ठरत नाही.

आणखी एक गोष्ट दिसली. जमिनीवरचा पट्टा महिन्याहून जास्त तग धरत नाही. दोन ते सहा आठवड्यांनी समुद्रावरून नवा पट्टा उत्तरेला सरकतो, तेव्हा तो पुन्हा जोर धरतो. श्रावणात पाऊस दडी मारतो आणि मग परततो, त्यात याचा मोठा वाटा आहे.

या समुद्राचा हिशेब ठेवला नाही तर काय होतं? १९९७ साली एल निन्यो अतिशय तीव्र होता, दुष्काळ पडणार अशी धास्ती होती. पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ साली एल निन्यो त्यामानाने सौम्य, तरी जुलैचा पाऊस जेमतेम निम्मा पडला आणि खरीप बुडाला. गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं, की फरक हिंदी महासागरात होता. विषुववृत्तावर पश्चिमेकडे, आफ्रिकेच्या बाजूला ढग जास्त असले तर ते आपल्याला अनुकूल. सुमात्राच्या बाजूला जास्त असले तर प्रतिकूल. १९९७ साली ते पश्चिमेला होते.