शिखरावर दोघे, पुतळा एकाचा

डोंगरात कुणाबरोबर जायचं, हा प्रश्न ट्रेकला जाणाऱ्यांना नवा नाही. आजची गोष्ट अशाच एका जोडीची आहे. तिच्यातून युरोपातल्या गिर्यारोहणाची सुरुवात झाली असं मानतात.

आल्प्समधलं माँ ब्लाँ हे शिखर सुमारे ४,८०८ मीटर उंच आहे. पायथ्याचं शामोनी गाव आज फ्रान्समध्ये आहे, पण तेव्हा ते सार्डिनियाच्या राजाकडे होतं. १७६० मध्ये जिनिव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर तिथे आला आणि शिखराची वाट शोधणाऱ्याला त्याने बक्षीस जाहीर केलं. पुढची पंचवीस वर्षं प्रयत्न झाले आणि फसले. याचं मोठं कारण म्हणजे भीती. बर्फात रात्र काढली की माणूस मरतो, असं गावात सगळेच मानायचे.

जाक बाल्मा हा स्फटिक शोधून विकणारा चोवीस वर्षांचा तरुण. जून १७८६ मध्ये तो एकटाच वर अडकला, बर्फात रात्र काढली आणि जिवंत खाली आला. झालं, भीती मोडली! दुसरा होता गावचा डॉक्टर, मिशेल पाकार. तो दुर्बिणीतून शिखराच्या वाटा कधीपासून न्याहाळत होता. एकाकडे अनुभव, दुसऱ्याकडे अभ्यास.

७ ऑगस्टला दोघे निघाले. दोन हिमनद्यांच्या मधल्या खडकाळ धारेवर रात्र काढली आणि पहाटे चारच्या सुमारास बर्फावर पाऊल ठेवलं. दोर नाही, बर्फाची कुऱ्हाड नाही, फक्त लांब काठ्या. हिमभेगा ओलांडायला त्याच काठ्या आडव्या टाकायच्या. डॉक्टरकडे बॅरोमीटरही होता. ८ ऑगस्टच्या संध्याकाळी सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास ते माथ्यावर पोचले. अर्धा तास थांबून मोजमापं घेतली आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरचे डोळे बर्फाच्या झळाळीने दिपून गेले होते, त्याला दिसत नव्हतं. त्याला बाल्माने खाली आणलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण खरी चढाओढ खाली आल्यावर सुरू झाली. बुरी नावाचा एक लेखक स्वतः या शिखरावर अपयशी ठरला होता. त्याने लेख छापून सगळं श्रेय बाल्माला दिलं. सोस्यूरचं बक्षीसही बाल्मालाच मिळालं. पाकारने पुस्तकाची घोषणा केली, पण ते कधी आलंच नाही. १८३२ मध्ये कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा सत्तरीच्या बाल्माला भेटला. मी आधी माथा गाठला, मग खाली येऊन डॉक्टरला ओढत नेलं, असं म्हाताऱ्याने रंगवून सांगितलं. हे खोडून काढायला पाकार होता कुठे? तो १८२७ मध्येच वारला होता.

१८८७ मध्ये शामोनीत पुतळा उभा राहिला तो बाल्मा आणि सोस्यूरचा. बाल्मा बोट दाखवतोय, सोस्यूर वर बघतोय. डॉक्टर कुठेच नाही.

पण एक साक्षीदार होता बरं का! गेर्सडॉर्फ नावाचा जर्मन सरदार त्या दिवशी गावातून दुर्बीण लावून बसला होता. दोघे कुठे, किती वाजता दिसले, हे त्याने वहीत टिपलं, वाटेचं चित्रही काढलं. विसाव्या शतकात अभ्यासकांनी या नोंदी तपासल्या, तेव्हा ओढत नेल्याची कथा टिकली नाही. दोघे आपापल्या पायांनी, बरोबरीने चढले होते. पाकारचा पुतळा उभा राहिला १९८६ मध्ये. दोनशे वर्षांनी!

आता बाल्मा खोटारडा म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण आंधळ्या झालेल्या सोबत्याला खाली आणणाराही तोच होता. डोंगरावर त्याने साथ सोडली नाही, ती सुटली गावात, बक्षीस आणि कौतुक समोर आल्यावर. १९५३ मध्ये एव्हरेस्टवरून उतरलेल्या तेनसिंग आणि हिलरींनाही सगळ्यांनी हेच विचारलं, आधी कोण? सुरुवातीला दोघांचं उत्तर एकच होतं: आम्ही एकत्र पोचलो. बाल्माला एवढंच म्हणता आलं असतं, तर डॉक्टरला पुतळ्यासाठी दोनशे वर्षं थांबावं लागलं नसतं.

भेटू पुढच्या भागात.