नागरीतल्या तीन सह्या

पायांना चटके बसताहेत. तापलेल्या वाळूतून चालत तुम्ही कोचीच्या किल्ल्यापाशी आला आहात. साल 1675, महिना एप्रिल. पाऊस अजून लांब आहे. हवेत मिऱ्यांचा उग्र वास आहे आणि त्यात खाडीच्या चिखलाचा वास मिसळलाय. किल्ल्यावर डच कंपनीचं निशाण आहे. बारा वर्षांपूर्वी त्यांनी तो पोर्तुगिजांकडून जिंकला.

रानातून परतलेली माणसं तुमच्या पुढून आत जातात. कुणाच्या खांद्यावर मुळासकट उपटलेली वेल, कुणाच्या टोपलीत कच्ची फळं. त्यांना पुन्हा पुन्हा जावं लागतं, कारण झाड आपलं पान, फूल आणि फळ एकाच दिवशी हाती देत नाही. तुम्ही त्यांच्या मागोमाग चला.

आत चित्रकार बसलेत, तीन-चार जण. वेल टेबलावर ठेवल्याबरोबर त्यांचे हात चालू लागतात. उकाडा इतका आहे, की पानं तुमच्या डोळ्यांदेखत मान टाकतात. ती मलूल व्हायच्या आत रेषा कागदावर उतरली पाहिजे. शेजारी उभा असलेला माणूस म्हणजे हेन्ड्रिक व्हान रीड, मलबारमधल्या डच मुलखाचा कारभारी. पेशानं तो शिपाईगडी, वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. पण इथल्या रानाने त्याला वेड लावलंय. कंपनीच्या आजारी माणसांसाठी दूरदेशाहून औषधं मागवायची, आणि दाराबाहेर औषधांचं रान उभं आहे, हे त्याला उमगलंय. म्हणून इथल्या झाडांचा एक ग्रंथ तो करवून घेतोय.

आणि एकाएकी तुमचे कान टवकारतात. मल्याळम, डच, पोर्तुगीज अशा कल्लोळात तुम्हाला कळणारे शब्द ऐकू येतात. माड. पणस. आंबो.

हे कोकणी ब्राह्मण वैद्य. रंगभट, विनायक पंडित, आपूभट. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धर्मछळापायी गोव्यातून कितीतरी कोकणी कुटुंबं देवासकट दक्षिणेला उतरली. कोचीतली कोकणी वस्ती त्यांनीच वाढवली. गाव सुटलं, झाडांची नावं सुटली नाहीत.

जवळ जाऊन बसा. एक वैद्य फांदी हातात घेतो, पान चुरगळून हुंगतो, नाव सांगतो. दुसरा निघंटूतला, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशातला, श्लोक म्हणतो, सगळा तोंडपाठ. तिसरा श्लोकातलं वर्णन समोरच्या पानाशी ताडून बघतो आणि मान हलवतो: पटत नाही. पुन्हा श्लोक, पुन्हा पान. आवाज कुणाचाच चढत नाही. मतभेद असूनही हे लोक किती आदरानं बोलतात, याची व्हान रीडनं पुढं आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मुद्दाम नोंद केली. माझ्या मते विज्ञान म्हणतात ते हेच: ग्रंथाला मान द्यायचा, पण समोरच्या पानाला विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही.

इट्टी अच्युदन यांनाही भेटा. ते चेर्तलाजवळच्या कडक्करप्पळ्ळीचे, कोल्लाट घराण्यातले एळवा वैद्य. त्या काळी एळवा माणसानं ब्राह्मणाच्या जवळपासही जायचं नाही, अशी रीत होती. व्हान रीडच्या ग्रंथात अच्युदन यांच्या कामाची साक्ष त्या तिघांपेक्षा वेगळ्या लिपीत, वेगळ्या पानावर आहे. पण ग्रंथ एकच आहे, आणि घराण्यात पिढ्यान् पिढ्या राखलेल्या त्यांच्या ज्ञानावर त्याचा मोठा भार आहे.

अच्युदन मल्याळममध्ये सांगतात. इमॅन्युएल कार्नेरो नावाचा दुभाष्या ते पोर्तुगीजमध्ये करतो. त्याचं पुढं लॅटिन होतं. एका मुळीचा गुण तीन भाषांची दारं ओलांडून कागदावर पोचतो.

आता तो क्षण. तिघे वैद्य बोरू उचलतात. आपण काय काम केलं याची साक्ष त्यांनी कोकणीत आणि नागरी अक्षरांत लिहिली आहे; खाली सह्या करतात. अक्षरांकडे नीट बघा. वळण जुनं आहे, पण लिपी तुमचीच आहे.

‘हॉर्टस मलबारिकस’, म्हणजे मलबारची बाग, या ग्रंथाचे बारा खंड 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापून निघाले. त्यांत 742 वनस्पती आहेत. पहिलं चित्र माडाचं. शेवटचे खंड पाहायला व्हान रीड राहिला नाही. 1691 च्या डिसेंबरात मुंबईजवळ समुद्रातच तो वारला आणि सुरतेला त्याला पुरलं. 1753 मध्ये लिनियसनं जगभरच्या वनस्पतींना दोनपदी नावं दिली, तेव्हा भारतात कधीही न आलेल्या त्या माणसाच्या हाताशी हे खंड होते. सोनचाफ्याच्या शास्त्रीय नावातलं ‘चंपका’ आणि आंबटढाण बिलंबीच्या नावातलं ‘बिलिंबी’ या ग्रंथातही आहेत. केरळचे के. एस. मणिलाल यांनी कित्येक दशकं खपून त्याचा इंग्रजी अनुवाद केला. तो 2003 मध्ये आला.

तुम्ही परत आला आहात. पायाची वाळू झटका आणि एक करा. हॉर्टसचा पहिला खंड आज इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येतो. चित्रांच्या आधी सुरुवातीच्या मजकुरात ते साक्षीपत्र आहे. ते उघडा, आणि त्या तिघांची नावं एकदा मोठ्यानं वाचा.