गर्भहृदयाचे श्रवण आणि दर्शन : कोल्हापूरच्या संदर्भात

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात त्यांनी प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला होता. तथापि क्षयाने जर्जर झालेल्या आनंदीबाईंना ते पद सांभाळता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी ह्याच रुग्णालयात काम केले. ह्या नेमणुकीचा गौरव पुष्कळ झाला आहे. परंतु मधुमेही गर्भिणी समोर आली असती, तर त्या काळच्या वैद्याच्या हाती साधने कोणती होती, हा प्रश्न इतिहासदृष्ट्या अधिक बोधक आहे.

साधन एकच होते : कान. १८२१ साली पॅरिसमध्ये केर्गारादेक याने गर्भजलाची खळबळ ऐकावी म्हणून गर्भिणीच्या उदरास श्रवणनलिका लावली, तो त्यास घड्याळाच्या टिकटिकीसारखे गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकू आले. गर्भ जिवंत आहे की नाही, एवढे त्यावरून कळे. हृदय कसे चालले आहे ते कळत नसे. मधुमेहाबाबत तर अंधारच होता. मॅथ्यूज डंकन याने १८८२ साली, म्हणजे आनंदीबाईंच्या नेमणुकीपूर्वी अवघी चार वर्षे, अशा बावीस गर्भारपणांची हकीकत प्रसिद्ध केली. तीत मातामृत्यूही पुष्कळ, आणि पोटातच दगावलेली अर्भकेही पुष्कळ.

१९२२ साली इन्शुलिन उपचारात आले आणि माता वाचू लागल्या. गर्भ मात्र दगावतच राहिले. ह्या विसंगतीचा उलगडा डेन्मार्कच्या पेडरसन याने १९५० नंतरच्या दशकात केला. मातेची शर्करा वार ओलांडून गर्भाकडे जाते, इन्शुलिन जात नाही. सबब गर्भाचे स्वादुपिंड स्वतःच अधिक इन्शुलिन निर्माण करते. त्या आधिक्याने गर्भ स्थूल होतो आणि हृदयाच्या दोन जवनिकांमधील पडदाही जाड होतो. अशा हृदयाची आकुंचनशक्ती शाबूत दिसते, पण शिथिल होऊन रक्त भरून घेण्याची क्रिया आधी मंदावते. ठोक्यांची गती नेहमीचीच राहू शकते. म्हणूनच येथे कान अपुरा पडतो. जन्मानंतर काही महिन्यांत ही जाडी बहुधा ओसरते. गर्भधारणेच्या प्रारंभीच शर्करा वाढलेली असल्यास उद्भवणारे रचनादोष मात्र निराळे. ते आपोआप जात नाहीत.

पडद्याची जाडी मोजणे आणि झडपांमधून वाहणाऱ्या रक्ताचा वेग डॉप्लर पद्धतीने पाहणे ध्वनिलहरींच्या यंत्रामुळेच शक्य झाले. रचनेची तपासणी साधारणतः अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान होते. नेमक्या त्याच काळात गर्भाचे लिंगही दिसते, आणि येथे ह्या शास्त्राच्या इतिहासास कोल्हापुरात वेगळे वळण लागले.

महाराष्ट्राने लिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९८८ सालीच केला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली केवळ ८३९ भरल्या. शाहू महाराजांच्या नगरीस हा आकडा लाजिरवाणाच होता. १० मार्च २०१० रोजी तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी प्रत्येक सोनोग्राफी यंत्रास तपासणीचे चित्रण साठवणारा ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडण्याचा आदेश काढला. क्षकिरणतज्ज्ञांच्या संघटनेने रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा मांडून त्यास आव्हान दिले. हा आक्षेप पोकळ म्हणता येत नाही, कारण चित्रण अखेर रुग्णाच्याच देहाचे असते. मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०११ रोजी आदेश वैध ठरविला. मातेचा मधुमेह हे तपासणीचे कायदेशीर कारण आहेच. अट एवढीच की ते कारण नमुन्यात नोंदवावे, गर्भाच्या हृदयाविषयी मातेस सर्व सांगावे आणि लिंगाविषयी काहीही सांगू नये.