बिनकिल्लीचं कुलूप

मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांच्या बॅगेला हल्ली एक बुटकं कुलूप दिसतं. तीन आकड्यांची चाकं आणि बुडाशी किल्लीचं छिद्र. आकडे आजोबांना पाठ असतात. छिद्राची किल्ली मात्र घरात कुणाकडेच नसते. ती असते अमेरिकी सरकारच्या तपासनिसांकडे.

या उफराट्या कुलपाची कुळकथा डेन्व्हरला सुरू होते. १ नोव्हेंबर १९५५ रोजी जॅक ग्रॅहम नावाच्या माणसाने विमानाने निघालेल्या आपल्या आईच्याच सुटकेसमध्ये डायनामाइट ठेवलं. विमान पडलं, ४४ माणसं गेली. विमानतळावरच्या यंत्रात नाणी टाकून त्याने आईचा विमाही उतरवला होता. विमान उडवून देण्याविरुद्ध तेव्हा वेगळा केंद्रीय कायदा नसल्याने खटला चालला तो आईच्या खुनाचा. कायदा पुढच्याच वर्षी आला, पण सामान तसंच न तपासता जात राहिलं.

२३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ अटलांटिकवर फुटलं, ३२९ बळी. बॉम्बची बॅग व्हँकुव्हरला चढवली होती, तिचा मालक विमानात बसलाच नव्हता. वाटेत टोरांटोला सामान तपासताना क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडलं होतं. डिसेंबर १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर पॅन अॅमचं विमान कोसळलं, २७० जण गेले; तिथला बॉम्ब सॅमसोनाइटच्या सुटकेसमध्ये, रेडिओ-कॅसेट प्लेअरच्या आत होता. त्यानंतर मालकाविना बॅग जाऊ द्यायची नाही, हा नियम घट्ट होत गेला.

पण ११ सप्टेंबर २००१ चे मारेकरी स्वतःच मरायला निघाले होते. मालक विमानात आहे म्हणून बॅग निर्धोक, हा हिशेबच मोडला. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत कायदा होऊन टीएसए ही वाहतूक सुरक्षा यंत्रणा स्थापन झाली आणि २००२ अखेरपर्यंत प्रत्येक बॅग तपासायचं ठरलं. यंत्राला शंका आली की बॅग उघडायची, कुलूप आड आलं तर तोडायचं. प्रवाशांना सल्ला मिळाला : कुलूप लावूच नका.

चोराची भीती आणि सरकारची पक्कड यांच्यातून २००३ मध्ये ‘ट्रॅव्हल सेंट्री’ या कंपनीने वाट काढली. कुलपावर लाल चौकोनी खूण आणि ००१ सारखा क्रमांक. त्या क्रमांकाची किल्ली तपासनिसाच्या जुडग्यात. तो बॅग उघडतो, चाचपतो आणि चिवड्याच्या पुड्यावर ‘तपासली’ अशी छापील चिठ्ठी ठेवून जातो.

२०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्या जुडग्याचा फोटो छापला. पुढच्या वर्षी त्यावरून कुणीतरी आराखडे काढले आणि थ्री-डी प्रिंटरवर चालत्या किल्ल्या निघू लागल्या.

म्हणून हे कुलूप चेन आपोआप उघडू नये एवढ्यापुरतंच लावा. दागिने आणि रोजच्या गोळ्या मात्र हातातल्या पिशवीत ठेवा.